फौजदाराच्या आंघोळी

मेंढ्याचा वास कसा असतो हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं सुखानं राहावं. बयाबाईच्या नशिबी ते सुख नव्हतं. बैलगाडीत पुढं कासरा धरून तिचा नवरा आकाराम, मागं ती, आणि दोघांच्या मधोमध कडब्याच्या गुबगुबीत अंथरुणावर पाय दुमडून बसलेला फौजदार. फौजदार म्हणजे मेंढा. वेटोळी शिंगं, रुंद पाठ, गळ्यात पितळी घुंगरं, आणि अंगाला असा दर्प की तिनं पदर नाकाला लावला तर पदरही तसाच घाण मारत होता. कोल्हापूरची वेस सुटायच्या आतच तिला उमासे यायला लागले.

"अवं, त्याला मागं बांधा की. यील चालत."

"चालत? खुरं झिजतील की त्याची," आकाराम म्हणाला. "तू निघालीयास का चालत?"

घ्या! म्हणजे बायको आणि मेंढा एका मापात. बयाबाईनं तोंड फिरवलं आणि रस्त्याकडं थुंकली.

आकाराम महाराजांच्या पागेत मोतद्दार होता. उभा जन्म घोड्यांना खरारा करण्यात गेला, आणि घोडे सगळे दुसऱ्याचे. स्वतःचं म्हणावं असं एकच जनावर त्याच्या वाट्याला आलं. कुणा धनगराचं आई मेलेलं कोकरू त्यानं घोंगड्यात गुंडाळून घरी आणलं. लेक चिमणा लग्न होऊन गडहिंग्लजकडं गेलेली, घर मोकळं पडलेलं. मग काय विचारता! दुधाची पहिली वाटी फौजदाराला, चुलीपुढची ऊब फौजदाराला. आकाराम जेवायला बसला की एक घास स्वतः खायचा, एक त्याला भरवायचा, आणि त्याच लाळेच्या बोटांनी पुन्हा कालवण कालवायचा. शी! बयाबाईनं आपलं ताट वेगळं केलं त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

आता हाच मेंढा घेऊन दोघं लेकीच्या गावाला निघाली होती, आणि तो परत येणार नव्हता.

त्याचं असं झालं. चिमणाची आधीची दोन्ही लेकरं पाळण्यातच गेली. तिसरा गुंडू. त्याला डांग्या खोकला झाला तेव्हा बयाबाई तिथंच होती. खोकता खोकता पोर निळं पडलं, डोळे पांढरे केले. तिनं त्याला उचललं, धावत गावाबाहेरच्या मरगुबाईच्या देवळाच्या पायरीवर नेऊन ठेवलं आणि बोलून गेली, "आई, ह्याला राख. ह्याच्या जावळाला आमच्या घरचा मेंढा तुला दीन." पोरानं श्वास घेतला. घरात कोंबडी होती, शेळी होती, पण जिभेवर आला तो फौजदारच. का आला, हे बयाबाईनं स्वतःला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर काही फार चांगलं आलं नसतं.

मरगुबाईची रीत ठरलेली. मेंढ्याला हळदकुंकू लावायचं, अंगावर तीर्थ शिंपडायचं आणि वाट बघायची. मेंढ्यानं आपण होऊन अंग झाडलं की देवीनं घेतला. नाही झाडलं तर देवीला नवस मान्य नाही, आणि ज्याच्यासाठी बोलला त्याचं मग तिच्या मर्जीवर.

आकारामला हे सांगितलं त्या दिवशी तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाला, "बोलून बसलीयास न्हवं? मग द्याला पायजे." बयाबाईला वाटलं, चला, माणूस सरळ आहे.

सरळ! कागल, निपाणी करत गडहिंग्लजला जायचा सरळ रस्ता सोडून या सरळ माणसानं गाडी वळवली ती कळंब्याकडं.

"हिकडं कुठं?"

"गारगोटीवरनं जाऊ. पुनवंला जावळ हाय, लई दीस हायीत अजून. महाराजांचं राज्य येवढं मोठं, पागंच्या भिंतीबाहिर कधी बघितलंय आपण? जरा बघत बघत जाऊ."

कळंब्याच्या तळ्यावर त्यानं गाडी सोडली. फौजदाराला दोन्ही हातांनी कवेत घेऊन उतरवलं, पाण्यात नेलं, आणि लोट्यालोट्यानं आंघोळ घालायला लागला. लोकरीतून पिवळं, तेलकट पाणी निथळत होतं. लेंड्या पाण्यावर तरंगायला लागल्या. शेजारी एक बाई घागर भरत होती, ती घागर तशीच ओतून शिव्या देत वरच्या अंगाला गेली. बयाबाई काठावर उभी राहून नाक दाबून बघत होती, तेवढ्यात एक लोटा मेंढ्याच्या कानात गेला. फौजदारानं मान झटकली आणि मग शिंगापासून शेपटीपर्यंत अंग असं झाडलं की बयाबाई डोक्यापासून पायापर्यंत त्या घाणीनं भिजली. तोंडात गेलं, डोळ्यांत गेलं.

"थूः! थूः! मर मेल्या!"

आकाराम हसला नाही. त्यानं मेंढ्याचे कान तळव्यांनी झाकले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "कानात पाणी जाऊ द्याचं न्हाय. कानात गेलं की झाडतंय."

तिनं लुगडं पिळलं, बदललं, तरी वास जाईना. त्या मुक्कामाला ती उपाशी झोपली.

मग हे रोजचंच झालं. ओढा दिसला की गाडी उभी. पाट दिसला की गाडी उभी. बिद्रीजवळ दूधगंगेच्या काठाला गुऱ्हाळं पेटली होती, सगळ्या शिवारात उकळत्या रसाचा वास सुटला होता, आणि बयाबाईला वाटलं, निदान इथं तरी नाकाला बरं वाटेल. कशाचं काय! आकारामनं गुऱ्हाळावरून गुळाचा हा एवढा खडा आणला, नदीत मेंढा उतरवला, आणि रस प्यायला आलेली सगळी माणसं काठावर येऊन उभी राहिली.

"पावणं, नवरदेवाला हळद कवा लागली म्हणायची?" एकजण ओरडला.

"लागंल की," आकाराम म्हणाला, आणि पाणी ओतत राहिला.

पाणी अंगावर पडलं की फौजदार पाठ आखडायचा, कातडी थरथरवायची तयारी करायचा. तेवढ्यात आकाराम त्याच्या मानेवर हात दाबायचा. "हां... दम... दम धर राजा." आणि मेंढा थांबला की गूळ. गूळ तरी कसा द्यावा माणसानं? स्वतःच्या दातांनी फोडायचा, तोंडात ओला करायचा आणि ओठांनी त्याच्या ओठांत द्यायचा. मेंढ्याची काळी जीभ नवऱ्याच्या मिशांवरून फिरताना बघितली आणि बयाबाई पदर तोंडाला लावून उठली. ती बांधाआड जाऊन ओकली.

"गाढवाला गुळाची चव काय म्हणत्यात," ती तोंड पुसत आली. "हितं तर गाढवच गूळ भरवायलंय."

"मुकं जनावर हाय गं. तुझं काय खातंय?"

"माझा जीव खातंय!"

त्यापुढं आंघोळ सुरू झाली की ती पाठ करून बसायला लागली. किळस आली की माणूस तोंड फिरवतं, आणि तोंड फिरवलं की बघायचं ते राहून जातं. बयाबाईचं तसंच झालं. पाठीमागं रोज काय चाललं होतं ते तिच्या कानांवर पडत होतं, "दम, राजा, दम", लोट्याचा आवाज, गूळ फुटल्याचा आवाज. पण तिनं त्याचा अर्थ लावला नाही. तिला फक्त वास यायचा.

गारगोटी आली, वेदगंगा आली. गाडी गोगलगायीनं ओढल्यासारखी चालली होती. कुठं बैलाचा खूर दुखतोय, कुठं आखाला वंगण पाहिजे, कुठं ओळखीचा मोतद्दार निघाला म्हणून मुक्काम. गावागावांत पोरं गोळा व्हायची आणि आकाराम मेंढ्याला पिंपळाखाली उभं करून दाखवायचा. रात्री गाडीखाली झोपताना घोंगड्याच्या आत नवरा, त्याच्या कुशीत फौजदार आणि बाहेर थंडीत बयाबाई. ह्याला संसार म्हणायचा!

"धनी, पुनव जवळ आली," ती एकदा बोलली. "पोराचा जीव टांगणीला हाय आणि तुमी जत्रा करताय."

आकारामनं फौजदाराच्या शिंगावरून हात फिरवला. मग म्हणाला, "त्याला बी बघू दे की जरा. परत कुठं बघणार हाय त्यो?"

हे ऐकून बयाबाईला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलावं, खरंच वाटलं. तिनं फौजदाराकडं पाहिलं. त्याचे पिवळे डोळे डोंगराकडं लागलेले, तोंड हलत होतं. तिचा हात त्याच्या पाठीकडं गेलाही असता. पण त्याच्या तोंडातून काहीतरी लाल लोंबत होतं. तिनं ओढून बघितलं तर गुंडूची कुंची! खणाची, आतून मऊ धोतराचं अस्तर लावून तिनं आपल्या हातानं शिवलेली. अर्धी पोटात गेली होती आणि अर्धी लाळेनं बरबटून तिच्या हातात आली.

बयाबाई इतकी ओरडली की झाडावरचे कावळे उडाले. "माझ्या नातवाची कुंची! भस्म्या! तुझ्या तोंडाला कीड लागो! आणि तुमी, तुमी बघत बसलाय! उद्या उजाडताना गाडी जुपली न्हाय तर मी ह्याला कासऱ्यानं बांधून एकटी वडत नेईन!"

आकारामनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी गाडी खरंच उजाडताना निघाली. उत्तूर मागं पडलं, बोलण्यात कानडी हेल यायला लागला, आणि पुनवेच्या आदल्या सांजेला हिरण्यकेशीच्या काठाला लेकीचं गाव दिसलं. गावात शिरायच्या आधी आकारामनं नदीवर फौजदाराला शेवटची आंघोळ घातली. बयाबाईनं पाठ फिरवली. म्हणाली, घाला बाबा, शेवटचीच.

मरगुबाईच्या माळावर सकाळी सगळं गाव लोटलं. चूल पेटलेली, हंडे चढवलेले, वाटण तयार. इलाही मुलाणी सुरी धुऊन एका कडेला बसलेला. गावात देवाचं बकरं कापायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याच घराकडं. चिमणा गुंडूला कडेवर घेऊन उभी होती. त्याचं जावळ मऊ, कपाळावर आलेलं. ते आज उतरायचं, पण आधी देवीचा मेंढा. बयाबाईनं नातवाच्या पायाचा मुका घेतला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या नाकाला दुधाचा, तेलाचा, माणसाचा वास आला.

गुरवानं फौजदाराच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि तांब्यातलं तीर्थ त्याच्या पाठीवर शिंपडलं.

"घे आई! घे!" गाव ओरडलं.

फौजदार उभा राहिला. नुसता उभा.

पुन्हा तीर्थ. ह्या बारीला डोक्यापासून शेपटीपर्यंत. लोकरीवरून थेंब ओघळले. मेंढ्यानं पाठ जराशी आखडली, आणि मग शांत झाला. मान वर करून तो गर्दीत कुणालातरी शोधायला लागला. ओठ हलवायला लागला.

गुरवानं अख्खा तांब्या ओतला. काही नाही. माळावर अशी शांतता झाली की चुलीतला जाळ ऐकू यायला लागला.

"आईला मान्य न्हाय," गुरव हळूच म्हणाला.

विठाबाई, चिमणाची सासू, कपाळावर हात मारून खाली बसली. "नवसात खोट हाय! माझी दोन गेली, आता ह्यो तिसरा बी!"  चिमणानं गुंडूला असं आवळलं की पोर रडायला लागलं. कुणीतरी म्हणालं, जावळ काढू नका आता. कुणी म्हणालं, पोराला देवळापासून लांब न्या.  पायरीवर निळं पडलेलं तेच पोर बयाबाईला पुन्हा दिसलं.

आणि मग तिनं आकारामकडं पाहिलं.

तो हात जोडून, खाली मान घालून उभा होता. दुःखात असल्यासारखा. पण त्याचा जबडा हलत होता. तो गूळ फोडत होता.

बयाबाईला सगळं एकदम कळलं. कळंबा, बिद्री, वेदगंगा, प्रत्येक ओढा, प्रत्येक पाट. दम धर, राजा. राज्य बघायला निघाला होता म्हणे! पाणी पडलं की झाडायचं नाही, झाडलं नाही की गूळ. घोड्यांना वळण लावणाऱ्या माणसानं मेंढ्याला वळण लावलं होतं, लेकीच्या पोराच्या जिवावर! मेंढ्याची किळस तिला इतकी वर्षं आली होती, पण आता आली तशी कधीच आली नव्हती, कारण ही माणसाची होती. हाच माणूस तिचा नवरा, ह्याच्याच बरोबर तिनं संसार केला. ओरडून सांगावं असं तिला वाटलं. पण सांगितलं असतं तर? देवीला फसवायला निघालेला आजा, हे ऐकून गावानं काय केलं असतं? चिमणाला सासरी कुणी उभी केली असती?

"थांबा!" ती म्हणाली. "नवस माझा हाय. माझ्या हातनं हळदकुंकू ऱ्हायलं."

बरोबरच होतं ते. गुरव बाजूला झाला. बयाबाई पुढं गेली, तांब्याच्या तळाशी उरलेल्या तीर्थात तिनं बोटं बुडवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा फौजदाराचं डोकं आपल्या छातीशी धरलं. त्यानं तिच्या हाताचा वास घेतला. गूळ नव्हता. तिनं कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. मग माळ सारखी करावी तसा पदर पुढं ओढून तिनं ते ओलं बोट त्याच्या कानात खोल घातलं आणि निथळू दिलं. कान आतून गरम होता, मेणचट. 

ती मागं सरली आणि फौजदारानं मान झटकली. शिंगांपासून शेपटीपर्यंत त्यानं अंग झाडलं, घुंगरं वाजली, झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, समोरची माणसं भिजली.

"घेतला! आईनं घेतला!" माळ दुमदुमला. विठाबाईनं लोटांगण घातलं. चिमणा रडत हसायला लागली. इलाही मुलाणी सुरी घेऊन उठला. बयाबाईनं तेवढ्यात आकारामकडं बघितलं. त्याच्या तोंडातून गुळाचा खडा गळून पडला होता, आणि तो दोन्ही हातांनी थोबाडीत मारून घेत होता.

दुपारी पंगत बसली. बयाबाई रस्सा वाढत फिरत होती. आकारामजवळ आली तशी त्यानं तिचा पदर धरला. डोळे सुजलेले, पण चेहरा असा निवळलेला की तिनं तो कित्येक वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"बया, तुला सांगतो. मी पापी हाय. त्याला न झाडायला शिकवलंतं मी, वाटंनं सगळ्या. कान कोरडं ठिवलंतं. म्हटलं, आईला नको झाला तर गुरवाच्या हातापाया पडून त्याला घरी न्याचा, आणि नवसापायी दुसरा मेंढा द्याचा." त्यानं देवळाकडं हात जोडले. "पण ती खरी! माझी लबाडी तिनं वळकली. कानात पाणी न्हाय, काय न्हाय, नुसती तिची शक्ती! गुंडूला आता काय बी हुणार न्हाय बघ." त्यानं नाक पुसलं आणि ताट पुढं केलं. "वाढ. परसाद हाय, टाकू न्हाय. जरा वरची तर्री वाढ की."

तिनं वाढली. आकाराम खाली वाकून जेवायला लागला. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं, आणि तो भाकरी कुस्करून, हाडं चोखून, बोटं चाटून जेवत होता. त्याला मनापासून गोड लागत होतं. पाप त्याचं होतं, ते देवीनं धुऊन टाकलं होतं. सुटला तो.

आणि बयाबाई? तिची पंगत शेवटी बसली. विठाबाईनं आग्रहानं तिच्या ताटात मटणाच्या फोडी वाढल्या. बयाबाईनं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडाजवळ नेला, आणि बोटाचा वास आला. ओल्या लोकरीचा, मेणचट कानाचा. देवीला खरोखरच नको असता तर? नवऱ्यानं शिकवलं म्हणून नाही, देवीनंच नको म्हटलं म्हणून तो उभा राहिला असता तर? आता हे तिला कुणी सांगणार नव्हतं. नवऱ्यानं देवीला गुळानं फसवायचं बघितलं आणि ते त्याला जमलं नाही. तिला जमलं. तिला स्वतःची किळस आली, आणि ती ताटावरून उठली.

चिमणानं तुळतुळीत डोक्याचा गुंडू आणून तिच्या मांडीवर दिला. पोराच्या हिरड्या शिवशिवत होत्या. त्यानं आजीचं बोट धरलं, तेच, आणि सरळ तोंडात घातलं. बयाबाईनं असा हिसका दिला की पोर भोकाड पसरून रडायला लागलं.

"आयं, असं काय करतीस?"

काय सांगणार? ती चुलीपाशी गेली, राखेनं बोट घासलं. नदीवर गेली, वाळूनं घासलं, कातडी लाल होईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी परतीला निघाली दोघं. आकारामनं गाडी निपाणीच्या सरळ रस्त्याला लावली. आता ओढे आले काय, पाट आले काय, गाडी थांबायचं नाव नाही. कडब्याच्या अंथरुणावरचा खळगा अजून तसाच होता, आणि बयाबाई त्याच्याशेजारी अंग चोरून बसली होती, हात पदराखाली घेऊन. खूप वेळानं आकारामनं मागं वळून बघितलं. तो हसला, जरा केविलवाणं, पण हसला.

"काय गं, आता तरी गाडीत वास न्हाय न्हवं?"

बयाबाईनं पदराखालचं बोट वर आणलं, नाकाला लावलं.

"हाय," ती म्हणाली.